दोराचे वरचे टोक

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला सिंहगडाची कथा ठाऊक असते. 1670 च्या फेब्रुवारीतील ती रात्र, तानाजी मालुसरे, घोरपड आणि अखेरीस सूर्याजीने कापून टाकलेला दोर. घोरपडीची गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात; पण त्या घोरपडीमुळे एक साधा प्रश्न झाकला गेला. दोराचे वरचे टोक कोणी बांधले आणि कशाला? कोणीतरी तो कडा आधी मोकळ्या हातांनी चढला असणार, अंधारात चाचपून झाड किंवा खडक निवडला असणार. मागून येणाऱ्या साऱ्यांचे प्राण त्या निवडीवर टांगलेले होते. कथेत त्याला नाव नाही.

दोराची सारी विद्या या वरच्या टोकापाशी सुरू होते. जुन्या शेतकऱ्याच्या घरी कासरा, दावे, नाडा, सोल, चऱ्हाट अशी दोरांची वेगवेगळी नावे होती, कारण प्रत्येकाचे काम निराळे होते. दाव्याने कोणी मोट ओढत नसे. आजच्या नायलॉनच्या दोरांतही तोच विवेक लागतो. आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले वेष्टन अशी रचना 1953 साली जर्मनीत प्रथम आली. त्यातील एक प्रकार ताणला जातो आणि पडणाऱ्या आरोहकाचा हिसका स्वतः झेलतो. दुसरा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून खाली उतरण्यास आणि जखमीला वर ओढण्यास तो योग्य. कमी ताणाच्या दोरावर वरून कोसळणाऱ्याला दोर धरून ठेवतो खरा, पण तो हिसका शरीराला सोसवत नाही.

28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. वर येऊन त्यानेच अपघाताची बातमी कळवली. पावसात आणि धुक्यात त्या उतारावर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जोडीने परिसरातील गिर्यारोहक स्वयंसेवक दोर लावून उतरले आणि एकेक मृतदेह वर आणला गेला. कोणाचाही जीव वाचण्याची आशा उरली नसतानाही हे काम करावे लागते. घरी वाट पाहणाऱ्यांना आपले माणूस परत हवे असते.

अशा ठिकाणी ताकदीपेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. भार दोन आधारांवर वाटायचा तर दोन दोरांमधील कोन लहान हवा. कोन साठ अंशांचा असेल तर प्रत्येक आधारावर भाराचा सुमारे 58 टक्के ताण येतो. तोच कोन 120 अंशांचा झाला की दोन्ही आधारांवर पूर्ण भार पडतो, म्हणजे दुसरा आधार बांधूनही वाटणी शून्य! शाळेतील भूमितीचा याहून निकडीचा उपयोग सापडणे कठीण. कप्प्यांची तिप्पट रचना केली तर 80 किलोचा माणूस सुमारे 27 किलोच्या ओढीने वर येतो, पण त्याला एक फूट उचलण्यासाठी तीन फूट दोर ओढावा लागतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात जोर आणखी लागतो. शिवाय दरीच्या कडेला दोर खडकावर घासतो, म्हणून तेथे जाड कापड किंवा गोणपाट घालावेच लागते. ताणलेला दोर धारदार कातळावर किती लवकर कापला जातो, हे पाहिलेला माणूस ते कधी विसरत नाही.

झाडावर चढण्याची तऱ्हा वेगळी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात नारळ पाडणाऱ्या पाडेलीला वरचे टोक बांधण्याची सोयच नसते. पायांत दोरीचा फास अडकवून किंवा खोडावरच्या खाचांवर पाय ठेवून तो वर जातो. हात निसटला तर त्याला धरून ठेवणारे काहीही नाही. पाडेली मिळत नाहीत ही बागायतदारांची तक्रार जुनी आहे. पण असे काम मुलाने करू नये, असे पाडेलीला वाटले तर त्यात नवल कसले?

दोरावरून झाड चढणारे आधी हलकी दोरी फांदीवरून टाकतात आणि तिच्या साहाय्याने मुख्य दोर वर घेतात. फांदी वाळकी नाही ना, हे खालून निरखावे लागते. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे तीन वेढे देऊन बांधलेली प्रुसिक गाठ भार नसताना सरकते आणि भार येताच आवळते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली ती प्रसिद्ध केली. कडा असो वा झाड, हात सुटला तरी ही गाठ सुटत नाही. जिवंत झाडावर मात्र काट्यांचे बूट वापरू नयेत. त्या जखमांतून कीड आत शिरते.

2021 साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्याआधीही आणि त्यानंतरही मुले शिबिरांना जातातच. पाठवण्यापूर्वी पालकांनी आयोजकांकडे दोराची वही मागावी. चांगल्या संस्थेत प्रत्येक दोराची नोंद असते: कधी घेतला, किती वेळा वापरला, त्यावर कोणी जोरात पडले का, शेवटची तपासणी कोणी केली. बहुतेक उत्पादक न वापरलेला दोरही साधारण दहा वर्षांनी बाद करण्यास सांगतात. वही नसेल, तर वरचे टोक कोण बांधणार आणि ते दुसरे कोण तपासणार, एवढे तरी विचारावे. हा प्रश्न ज्याला आवडत नाही, त्याच्याबरोबर मुलाला पाठवू नये.