घोडा मारणारी कण्हेर

(साहाय्यकांच्या मेळाव्यात एका निवृत्त पशुवैद्यकांनी केलेले भाषण)



टोल्यांवरच्या जनावरांविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. साकोली-लाखनी भागात मी गुरांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षे काढली. लाळ-खुरकत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी आहेत आणि त्यांविषयी सांगणारेही पुष्कळ आहेत. मी आज एका फुलझाडाविषयी बोलतो. ते आपल्यापैकी अनेकांच्या दारात असेल.

ते झाड म्हणजे कण्हेर. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, आणि तिचे आणखी एक नाव आहे अश्वमारक, म्हणजे घोडा मारणारी. पान, फूल, साल, मूळ, सगळेच विषारी. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे झाड वेगळे, पण विष त्याच जातीचे.

आपल्या धानाच्या जिल्ह्यात घोडे थोडे. पण ज्यांच्याकडे आहेत त्यांचे पोट त्यांवरच चालते. एका लग्नसराईत टोलीवरून निरोप आला की वरातीची घोडी सकाळपासून लोळते आहे. मी पोचलो तेव्हा ती कशीबशी उभी होती. कान आणि पाय गार, अंगाला घाम. छातीला नळी लावली, तर एक ठोका पडे, मग थांबे, मग दोन-तीन घाईने पडत. काय खाल्ले म्हणून विचारले. घरधनी म्हणाला, "काही नाही जी, सडकेकडचा वाळला पाला खाल्ला, तेवढाच." कोणीतरी कुंपणाची कण्हेर छाटून चार दिवसांपूर्वी तिथे ढीग टाकला होता. संध्याकाळी घोडी गेली. उघडून पाहिले तेव्हा हृदयाच्या आतल्या अस्तराखाली रक्ताचे पट्टे होते. पुढच्या तीन वरातींचा इसार त्या घराने घेतला होता, आणि तो खर्चूनही झाला होता.

हिरवे पान कडू असते, त्यामुळे पोट भरलेले जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही. वाळल्यावर कडूपणा कमी होतो, विष मात्र राहते. अलीशाच्या हंडीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्या माणसांना खाता खाता कळले आणि ते ओरडले. वाळला पाला तशी सूचना देत नाही. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही, गेलेले बाहेर पडत नाही. २०० किलोच्या तट्टाला १० ग्रॅम वाळली पानेही जीवघेणी ठरू शकतात. मूठभरसुद्धा नव्हे!

हृदयाच्या पेशी सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात. हे विष नेमके तेच काम अडवते. मग पेशीत कॅल्शियम साठते आणि ठोक्याची लय तुटते. म्हणूनच पडलेल्या जनावराला कॅल्शियमची बाटली लावण्याची जी गावोगाव सवय आहे, ती इथे घातक ठरू शकते. लवकर कळले तर पोटात औषधी कोळसा देता येतो, लय सांभाळणारी औषधे देता येतात. लाखोळी फार दिवस चारली तर घोड्याचे मागचे पाय जातात, घसा घरघरतो. पण ते हळूहळू येते, चारणे थांबवता येते. कण्हेर फार तर एक-दोन दिवस देते, कधी तेवढेही नाही. तेव्हा १९६२ वर फोन करताना "कण्हेर खाल्ली" हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि पाल्याची एक फांदी डॉक्टरांसाठी जपून ठेवा.

झाडे उपटून टाका असे मी म्हणत नाही, फुले मलाही आवडतात. मात्र शाळा, वसतिगृह, मंदिर, जिथे कुठे कण्हेरीचे कुंपण आहे, तिथली छाटणी सडकेवर किंवा गोठ्याजवळ पडू देऊ नका. जाळू नका, धूरही वाईट. खोल खड्ड्यात पुरा. गाई, बैल, शेळ्या यांनाही हेच विष बाधते, आणि टोलीवर बहुधा तेवढेच धन असते.

पावसाळ्यापूर्वी छाटणी निघते, खड्डा त्याआधी खणून ठेवावा. कोणाला कण्हेरीऐवजी मेंदीचे कुंपण करायचे असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. माझ्या परसात मेंदी पुष्कळ आहे, काड्या देईन.