पाण्याचे नळ व त्यांचे सांधे



आपण दिलेल्या द्रव्याचा विनियोग कसा होतो, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. वांटलेलें धान्य डोळ्यांस दिसतें. जमिनींत पुरलेला नळ दिसत नाहीं, आणि त्याचा सांधा तर मुळींच दिसत नाहीं. म्हणून त्या सांध्याविषयींच आज दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटर आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणांस स्मरत असेल. संकटसमयीं तो उपाय योग्यच होता. परंतु टिकाऊ उपाय नळ हाच होय. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील निर्जल सुवर्णक्षेत्रास सुमारें ५३० किलोमीटरांवरून पाणी नेणारी योजना २४ जानेवारी १९०३ रोजीं सुरू झाली. तीस इंच व्यासाचे साठ हजारांहून अधिक पोलादी नळ तेथें रानांत शिसें ओतून व ठोकून जोडले गेले.

आपल्याकडेही बिडाच्या नळांचे सांधे अनेक वर्षें शिशाचेच असत. एका नळाचें टोक दुसऱ्याच्या रुंद मुखांत घालून फटींत तागाचा पीळ ठोकीत, भोंवतीं मातीचें कडें करीत व वितळलेलें शिसें एका दमांत ओतीत. शिसें निवतांना आकसतें, म्हणून मागाहून छिन्नी-हातोड्यानें तें घट्ट करावें लागे. आंत ओल राहिल्यास वाफ होऊन तप्त शिसें कामगाराच्या अंगावर उडे.

हल्लीं डी. आय. या नांवाच्या चिवट लोखंडी नळांस रबराचें कडें पुरतें. काम सोपें झालें, काळजी मात्र तेवढीच राहिली. चराचा तळ सारखा करून प्रत्येक मुखाखालीं खळगा ठेवावा, म्हणजे नळाचा भार मुखावर न पडतां सबंध अंगावर पडतो. मुखांतील खांचेंत वाळूचा कणही राहूं नये. कडें योग्य बाजूनें बसवून टोकास साबणाचें वंगण लावावें. खनिज तेलानें रबर बिघडतें. नळ सरळ रेषेंत धरून खुणेपर्यंत आंत सारावा. किंचित् वळण द्यावयाचें तें सांधा बसल्यावर. कापलेल्या नळाची कड घांसून उतरती न केल्यास तिची धार कडें कापते.

यानंतर खरी परीक्षा. सांधे उघडे ठेवून मधला भाग मातीनें दाबावा, वळणांवर काँक्रीटचे टेके द्यावे, हवा बाहेर सोडीत सावकाश पाणी भरावें, आणि दाब वाढवून एकेक सांधा पाहावा. गळका सांधा पुरला गेला, तर पाणी मार्गांतच जिरतें आणि शेवटच्या वस्तीची घागर रिकामी राहते. ज्यांच्यासाठीं आपण दान दिलें, तीच ही वस्ती.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. जमीनदार बंधूंनीं आपल्या शेतांतील चर परीक्षा होईपर्यंत उघडा राहूं द्यावा. पेरणीची घाई आम्ही जाणतों, तरीही हें मागतों. व्यापारी बंधूंनीं नळांच्या किंमतीबरोबरच कडीं, वंगण व परीक्षा यांचाही खर्च उचलावा, आणि रबरी कडीं उन्हापासून राखण्यास वखारीचा एक कोपरा द्यावा. या खर्चावर कोणाचें नांव कोरलें जाणार नाहीं. पण वाटेंत न गळतां पाणी शेवटच्या घरीं पोंचेल, आणि दानाचें सार्थक तेथेंच आहे.