गाडीतली बंदूक आणि कामावरची बाई
(आंबागड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका अशा गोष्टीबद्दल बोलणार आहे, जी तुम्हांला आधी दूरची वाटेल. कामाच्या ठिकाणी, आवारात उभ्या केलेल्या गाडीत बंदूक ठेवावी की नाही? तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुणाकडे आली गाडी न् कुणाकडे आली बंदूक! पण आधी एका बाईची हकीगत ऐका. तिच्या परवानगीनेच सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही.

विदर्भातल्या एका शहरात ती कचेरीत काम करायची. वरच्या साहेबाच्या त्रासाला कंटाळून तिने अंतर्गत समितीकडे तक्रार केली. त्यानंतर एका संध्याकाळी गाड्या लावायच्या जागेत साहेबाने आपल्या गाडीचं दार उघडलं, पुढचा कप्पा उघडला आणि तसाच उघडा ठेवला. आत रिव्हॉल्व्हर होतं. तो तिला एक शब्दही बोलला नाही. तिने व्यवस्थापकाला सांगितलं. उत्तर मिळालं, ‘परवाना आहे त्यांच्याकडे. आणि नियम इमारतीत शस्त्र आणू नये असा आहे. गाडी तर बाहेर उभी असते.’ दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. मला म्हणाली, ‘ताई, तक्रारीत लिहू तरी काय? त्याने मला काहीच केलं नाही.’

बायांनो, तिची नोकरी गोळी न सुटताच गेली. बंदूक चालवावीच लागते असं नाही, ती आहे एवढं कळलं तरी पुरतं. घरात मार खाणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

हा वाद अमेरिकेत फार गाजला. 2002 साली ओक्लाहोमा राज्यात वेयरहाउझर कंपनीच्या कागद कारखान्यात गाड्या तपासल्या गेल्या आणि गाडीत बंदुका सापडलेल्या कामगारांना कामावरून काढलं. त्यावर 2004 साली तिथल्या विधिमंडळाने उलटा कायदा केला : कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालकाने मनाई करायची नाही! कंपन्या कोर्टात गेल्या, पण 2009 साली वरच्या कोर्टाने तो कायदा कायम ठेवला. मालकाचा हक्क मोठा की बंदूकवाल्याचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईचा हक्क त्या भांडणात मागेच राहिला.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. बंदूक हा इथे कुणाचा मूलभूत हक्क नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना सरकार देतं. सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी तो निलंबित किंवा रद्द करता येतो, कलम 17 तेच सांगतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, हे आपण पाहिलं आहे. म्हणजे परवाना असला तरी धोका असू शकतो, हे सरकारला ठाऊक आहे. मतपेटीसाठी जी काळजी घेता, ती बाईच्या जिवासाठी का नाही?

आणि आपल्याच तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी बघा. सुरुंगाची दारू, डिटोनेटर मोजून मिळतात आणि उरले तर मोजून परत जातात. ‘माझ्या डब्याच्या पिशवीत राहू द्या, मी भला माणूस आहे,’ असं तिथे चालत नाही. त्यात कुणाचा अपमान नाही. जी वस्तू जीव घेते तिचा हिशेब ठेवायचा, एवढंच.

कुणी म्हणेल, रात्री रस्त्याने जाणाऱ्याला स्वसंरक्षणासाठी बंदूक लागते, मग ती त्याने कामावर आल्यावर ठेवायची कुठे? प्रश्न खोटा नाही. उत्तर सोपं आहे. फाटकावर नोंदवहीत लिहून, कुलपात जमा करावी, सुटताना सही करून न्यावी. पहारेकऱ्याच्या हातातली बंदूक ही कामाची बंदूक आहे. साहेबाच्या गाडीतली ही त्याची खाजगी ताकद आहे. दोन्हींना एक माप नको.

मग आपण काय मागायचं? पहिलं, सेवानियमांत ‘इमारत’ नव्हे, ‘संपूर्ण आवार, गाड्यांची जागा आणि कंपनीची वाहनं’ असं लिहून घ्यायचं. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने पुरवलेलं वाहनसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे आणि सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दुसरं, शस्त्र दाखवणं ही धमकीच आहे, ती तक्रारीत लिहायची. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, सगळं लिहायचं. तिसरं, परवान्याबद्दल थेट जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, शहरात पोलीस आयुक्तांकडे. आणि बंदूक नवऱ्याची असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे सुरक्षिततेसाठी जादा आदेश मागता येतो. कलम 19 मध्ये तशी सोय आहे.

त्या मैत्रिणीला मी तेव्हा हे सांगू शकले नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. नोकरी तिची गेली, माझा मात्र धडा झाला. तुमच्यापैकी कुणावर ती वेळ आली, तर ‘त्याने काहीच केलं नाही’ असं म्हणू नका. त्याने कप्पा उघडून दाखवला. तेवढं लिहा, सही करा आणि एकटीने जाऊ नका, आम्हांला सोबत घ्या.