धार काढल्यानंतरचा अर्धा तास

एका श्रावणात आमच्या कपिलेची कास दगडासारखी झाली. दुधात गाठी आल्या, एक सड कायमचा आटला. अम्मी म्हणाली, नजर लागली. नजर कसली! धार काढल्यावर सडाचं तोंड निदान अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली, की ई. कोलायसारखे जंतू त्यातून कासेत शिरतात. ही दगडी दुसऱ्या गाईकडूनच यावी असं नाही. ती गोठ्यातच दबा धरून असते, ओल्या भुशातसुद्धा. म्हणून धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची. खाणारी गाय उभी राहते, एवढंच त्यातलं शास्त्र. पुढे अम्मी वैरण धारेनंतरच टाकू लागली. कपिला तीन सडांवर आणखी चार वेतं दुभली.