अकालीं जन्मलेल्या बालकांचा श्वास

दिवस भरण्याच्या फार पूर्वीं जन्मलेलें बालक पुष्कळदां प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बारीक कण्हतें. ऐकणाऱ्याचें काळीज हलतें. परंतु तें कण्हणें नुसतें वेदनेचें नव्हे. बालकाचा तो स्वतःचा उपाय आहे.

फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश उच्छ्वासाच्या अंतीं मिटूं नयेत म्हणून त्यांना आंतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो. त्यास 'सर्फॅक्टंट' म्हणतात. या बालकांत तो अपुरा असतो, हें बॉस्टनच्या डॉक्टर मेरी एलेन एव्हरी यांनीं एका सहकाऱ्यासह १९५९ सालीं दाखविलें. कोरा रबरी फुगा प्रथम फुगवितांना गाल किती दुखतात, तें आठवावें. या जीवाला प्रत्येक श्वासास तेंच करावें लागतें. ऑगस्ट १९६३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक याच विकारानें अवघ्या ३९ तासांत गेला.

कण्हतांना बालक कंठद्वार अर्धवट मिटून हवा अडवितें, आणि त्या दाबानें कोश उघडे राहतात. श्वासनलिकेंत नळी घातली कीं हें साधन त्याच्याकडून हिरावलें जातें. मग तोच दाब आपण बाहेरून कां देऊं नये? सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर जॉर्ज ग्रेगरी यांनीं तो दिला, बहुतेकांना त्या नळीवाटेंच. १९७१ सालच्या त्यांच्या वृत्तांतांतील २० बालकांपैकीं १६ वांचलीं.

नाकाची सोय मागाहून रूढ झाली. दोन आंखूड, मऊ नळ्यांतून ऊबदार, दमट हवा व प्राणवायु सतत वाहतो. परतीच्या नळीचें तोंड बाटलींतील पाण्यांत पांच-सहा सेंटिमीटर बुडविलें कीं तितका दाब टिकतो. इतकें साधें! श्वास मात्र बालकानें स्वतःच घ्यावयाचा.

तथापि सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. २५ ते २८ आठवड्यांच्या ६१० बालकांचा एक अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जन्मतःच हा दाब दिलेल्यांपैकीं निम्म्याहून थोड्या कमी बालकांना पांच दिवसांत यंत्राच्या श्वासाची गरज लागलीच. फुफ्फुसाबाहेर हवा फुटण्याचें प्रमाणही त्यांच्यांत ९ टक्के होतें, आरंभापासून यंत्रावर ठेवलेल्यांत ३. उलटपक्षीं अर्ध्याहून अधिक बालकें त्या दिवसांत यंत्रावांचून राहिलीं, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

बाकी सारें परिचारिकेवर. नळ्या नाकाच्या कोंवळ्या पडद्यास रुततात, तेथें जखम होते. म्हणून ती वारंवार पाहते. बालकाचें तोंड उघडें राहिलें तर दाब निसटतो. बाटलींतील बुडबुडे थांबले, कीं हातचें काम टाकून ती पाळण्यापाशीं येते.