बालकांचा स्वादुपिंडदाह आणि दुर्बिणीचे उपचार



बालकाचे पोट दुखू लागले की घरोघरी प्रथम जंत किंवा अपचन यांचेच नाव घेतले जाते. ओवा-हिंग सर्व होऊनही वेदना बेंबीच्या वर टिकून राहिली, पाठीकडे गेली आणि उलट्या थांबेनात, तर दोष स्वादुपिंडात असू शकतो. जठरामागे आडवी वसलेली ही ग्रंथी पाचकरस निर्माण करते. हा रस आतड्यात पोहोचण्यापूर्वीच जागृत झाला, तर तो त्या ग्रंथीलाच पचवू लागतो. मोठ्यांत या विकाराचा संबंध मद्याशी जोडला जातो. त्यामुळे निर्व्यसनी घरातील माता-पित्यांना उगाच संकोच वाटतो. तो निराधार आहे. सायकलचे हँडल पोटात बसणे, पित्तखडे, काही औषधे, नलिकेची जन्मजात सदोष रचना आणि आनुवंशिकता ही बालकांतील कारणे होत. भारतीय रुग्णांत 'स्पिंक-१' या जनुकातील दोष पुष्कळदा आढळतो.

बहुतेक बालके सलाइन, वेदनाशामके आणि वेळीच सुरू केलेला आहार यांनी बरी होतात. काहींत मात्र नलिकेतून झिरपलेला रस साचून त्याभोवती पिशवी तयार होते. येथे घाई घातक ठरते. पिशवीची भिंत पक्की होण्यास साधारण ४ आठवडे लागतात. विरलेल्या वस्त्रास टाका धरत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय कित्येक पिशव्या आपोआप जिरतात. जंतुसंसर्ग झाला, वेदना हटेना किंवा जठरावर दाब येऊन अन्न पुढे सरकेना, तर मात्र उपाय करावाच लागतो.

पूर्वी त्यासाठी पोट उघडून पिशवी जठरास जोडीत. आता बालकास भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवतात. तिच्या टोकाशी सोनोग्राफीची सोय असल्याने मधल्या रक्तवाहिन्या टाळून पिशवीत सुई घालता येते. त्या वाटेत नळी, म्हणजे स्टेंट, ठेवला की द्रव जठरात वाहून येतो. मात्र ही उपकरणे मोठ्यांच्या मापाची आहेत. अगदी लहान बालकास ती जाड पडतात, म्हणून अनुभवी हातच हवेत.

नलिकेतील खडे व अरुंदपणा यांसाठी 'ईआरसीपी' करतात. १९६८ मध्ये अमेरिकेत तपासणी म्हणून आरंभ झालेली ही पद्धत, १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे नलिकेचे मुख दुर्बिणीतून कापता येऊ लागल्यावर उपचार ठरली. मोठे खडे प्रथम बाहेरून ध्वनिलहरींनी फोडतात. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचा या कामात मोठा अनुभव आहे. तिचे संस्थापक डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. अर्थात, ईआरसीपीमुळेच पुन्हा दाह किंवा रक्तस्राव होण्याची शक्यता असते, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

खरी चूक पुढेच होते. वेदना थांबली, मूल शाळेत जाऊ लागले की फेरतपासणी राहून जाते. नलिकेतील प्लास्टिकची नळी काही महिन्यांत तुंबते; ती बदलावी किंवा काढावी लागते. प्रवास व खर्च यांपायी पालक ते लांबणीवर टाकतात, आणि विसरलेली नळीच नव्या आजाराचे कारण होते. रुग्णालयातून निघतानाच नळी काढण्याची तारीख लिहून घ्यावी आणि त्या खेपेचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.