शैवालाची प्रकाशदृष्टी



डबक्यातील हिरवट पाणी दिसले की मनुष्य नाक मुरडून बाजूस होतो. त्या हिरवेपणात पुष्कळदा क्लॅमिडोमोनास नावाचे एकपेशीय शैवाल असते. त्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा. प्रयोगशाळांतून आज अभ्यासले जाणारे त्याचे बहुतेक वाण १९४५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बटाट्याच्या शेतातील मातीतून मिळालेल्या शैवालाचे वंशज होत.

प्रकाश हे या जीवाच्या अन्नाचे साधन आणि प्रकाश हाच त्याचा वैरी. हरितलवकाला पेलवेल त्याहून अधिक ऊन पडले, तर उरलेली ऊर्जा पेशीचीच नासधूस करू लागते. यावर शैवालाजवळ दोन उपाय आहेत.

पहिला उपाय पोहून जाण्याचा. पेशीच्या एका बाजूस नारिंगी नेत्रबिंदू असतो. पेशी स्वतःभोवती फिरत पोहत असल्याने तो पुनःपुन्हा उजेडास सामोरा जातो व प्रकाशाची दिशा कळते. तेथील प्रथिनावर उजेड पडताच पेशीपटलात जणू दार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि दोन्ही कशाभिकांची चाल बदलते.

दुसरा उपाय संथ, परंतु अधिक खोलवरचा आहे. फोटोट्रॉपिन नावाचे दुसरे प्रथिन निळा प्रकाश टिपते. त्याचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि मंद प्रकाशात जवळजवळ निद्रिस्त असलेले एक जनुक जागे होते. त्या जनुकानुसार तयार होणारे प्रथिन अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. हा संबंध २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड केला. फोटोट्रॉपिन नसलेल्या शैवालास प्रखर उजेडात तग धरणे फार कठीण गेले. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर पाहण्याचे खाते आणि अन्न शिजविण्याचे खाते यांच्यात थेट पत्रव्यवहार चालतो. आणि त्यावर काही तासांतच अंमलबजावणी होते, हे विशेष!

नेत्रबिंदूतील दार उघडणाऱ्या प्रथिनाने तर माणसाच्या डोळ्यापर्यंत मजल मारली. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने अंध झालेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाच्या एका डोळ्यात, याच कुळातील शैवालापासून मिळालेल्या अशा प्रथिनाच्या सुधारित रूपाचे जनुक सोडण्यात आले. त्याचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष चष्मा लावून, कित्येक महिन्यांच्या सरावानंतर, त्यांना मेजावरील वस्तू शोधता, मोजता व हाताने स्पर्शिता आल्या. चेहरे ओळखणे मात्र अद्याप साधलेले नव्हते.